पार्लर बंद करून बायकांची शिबिरं घ्यावीत का?

पत्र: मी सांगलीत २२ वर्षं पार्लर चालवते. घराच्या पुढच्या खोलीत एका खुर्चीवर सुरुवात केली. आज दोन शाखा आहेत, सात मुली कामाला आहेत आणि उटणं-फेसपॅकचा स्वतःच्या नावाचा छोटा धंदाही आहे. माझं वय ४७. दोनेक वर्षांपूर्वी पाळी मागेपुढे व्हायला लागली, रात्री घामानं जाग यायची, दुकानात मुलींवर विनाकारण ओरडायचे. त्या दिवसांत 'स्त्री-आरोग्य आणि आत्मभान' असा एक ऑनलाइन कोर्स केला. श्वासाचे व्यायाम, ध्यान, रोज दोन ओळी लिहिणं यांनी मला खरंच आधार दिला. आता वाटतं, उरलेलं आयुष्य हेच शिकवावं. पार्लरमध्ये मन लागत नाही. इतकी वर्षं बायकांना 'मान काळी पडलीय, रंग उतरलाय, ब्लीच करून घ्या' म्हणत आले, आता कोणत्या तोंडानं सांगू की स्वतःवर प्रेम करा? एक मार्केटिंगवाले भेटलेत. त्यांनी जाहिरातही तयार केलीय: महाबळेश्वरला तीन दिवसांचं निवासी शिबिर, फी २५,००० रुपये, सोबत 'हार्मोन बॅलन्स' चूर्णाचं किट, आणि वर मोठ्या अक्षरांत 'पीसीओडी व पाळीच्या तक्रारी मुळापासून बऱ्या'. मिस्टर म्हणतात, चालता धंदा मोडू नकोस, दुसऱ्या शाखेचं कर्ज फिटायचंय. मी काय करू? आणि कोणी विचारलं, 'तू कोण शिकवणारी?' तर काय सांगू?
— एक पार्लरवाली

ताई, मुख्य उत्तरं आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. शिकवा, जरूर शिकवा. पार्लर बंद करू नका. आणि ती जाहिरात छापू नका.

आता सविस्तर.

'कोणत्या तोंडानं सांगू' या तुमच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. ती टोचणी खरी आहे आणि ती लागली हे चांगलं झालं. सावळ्या मुलीला लग्नाआधी महिनाभराचं पॅकेज विकताना तिच्या आईच्या चेहऱ्यावरची काळजी आपण गल्ल्यात जमा करतो, हे या व्यवसायातल्या प्रत्येकीला आतून माहीत असतं. पण त्याची भरपाई स्टेजवर उभं राहून आणि डोळ्यांत पाणी आणून होत नाही. ती दुकानाच्या फळीवर आणि दरपत्रकावर करावी लागते. तुमच्या फेसपॅकच्या डबीवर 'गोरेपणा' किंवा 'उजळ' असं काही लिहिलेलं असेल तर पुढच्या छपाईत ते काढा. दरपत्रकातलं फेअरनेस फेशियल काढा. मुलींना सांगा की गिऱ्हाइकानं विचारल्याशिवाय तिच्या कातडीतला दोष तिला दाखवायचा नाही. आयब्रोसाठी आली असेल तर आयब्रो नीट करून द्यायच्या. महिन्याची उलाढाल थोडी खाली येईल. येऊ द्या. तुमच्या शिकवण्याला जो पाया लागणार आहे त्याची ही किंमत आहे, आणि ती मोजल्याशिवाय तुमचं मन हलकं होणार नाही असं मला वाटतं.

मात्र २२ वर्षांचा सगळाच हिशेब वाईट होता, हे मी मानत नाही. घरात सगळ्यांच्या आधी उठणारी बाई तुमच्या बेडवर अर्धा तास डोळे मिटून पडते. कोणी चहा मागत नाही, कोणी टॉवेल कुठे आहे विचारत नाही. कपाळावरून कोणाचा तरी हात फिरतो. त्या अर्ध्या तासात किती बायका झोपून गेल्या, किती जणी रडल्या, हे तुम्हाला माहीत आहे. हे काम मोलाचं आहे आणि तुमच्या पत्रात त्याचा एका शब्दानंही उल्लेख नाही, याचं मला वाईट वाटलं.

'तू कोण शिकवणारी?' याचं उत्तरही इथेच आहे. बाईच्या चेहऱ्याकडे वीतभर अंतरावरून, चांगल्या उजेडात, महिन्यातून एकदा पाहणारं माणूस तिच्या घरातसुद्धा नसतं. तुम्ही ते पाहता. तुमच्याकडे कॉलेजची मुलगी दर आठ दिवसांनी हनुवटीचे केस काढायला येते आणि सहज बोलताना म्हणते की पाळी दोन-तीन महिन्यांनी येते. कोणाच्या मानेवर आणि काखेत मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा असतो, तो स्क्रबनं जात नाही आणि ब्लीचनंही जात नाही. तो मळ नाही, उन्हाचा रापही नाही. शरीरात इन्सुलिनचं काम बिघडलं की मानेवर असा पट्टा उमटतो आणि पुढे मधुमेहाची शक्यता असते. कोणाचे केस विंचरताना पुंजकाच हातात येतो, नखं पातळ होऊन मधे खोलगट झालेली असतात, खालची पापणी ओढली तर आत लाली नसते. रक्त कमी असलेली बाई अशी दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींचं रक्त कमी निघालं होतं. म्हणजे तुमच्या दुकानात बाकावर वाट पाहत बसलेल्या चारजणींत दोघी तशा असू शकतात. कोणाच्या भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा विरळ होत जातो, कातडी कोरडी पडते, चेहऱ्यावर सूज वाटते. अशा वेळी थायरॉइड तपासून घेतलेलं बरं.

ही सगळी लक्षणं तुमच्या हातांखालून गेलेली आहेत. आजवर तुम्ही त्यावर वॅक्स आणि ब्लीच केलं, कारण तेच तुमचं काम होतं. आता त्याच जागी एक वाक्य वाढवायचं आहे. 'अगं, हे केस मी काढून देते, पण कारण आत असेल तर ते पुन्हा येत राहतील. पाळीही लांबतेय म्हणतेस, तर एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून घे. त्या शुगर, थायरॉइड वगैरे तपासायला सांगतील.' एवढंच बोलायचं आणि थांबायचं. पीसीओडी हा बीजकोशांचा आणि हार्मोनचा विकार, पण 'तुला पीसीओडी आहे' हे वाक्य तुमच्या तोंडून जाऊ द्यायचं नाही. ओळखायचं, सांगायचं आणि योग्य दारापर्यंत पोचवायचं. ताई, मला जे सांगायचं आहे त्याचा गाभा हाच आहे. तुमचं शिकवणं इथून सुरू झालं तर त्यात बळ असेल. आठ महिन्यांच्या किंवा आठ आठवड्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रातून सुरू झालं तर ते बाजारात मिळणाऱ्या इतर शंभर शिबिरांसारखं होईल.

चेहऱ्याला लावायच्या क्रीमचा एक विषय तर असा आहे की सांगलीत तो तुमच्याइतका कोणी शिकवू शकणार नाही. खाज-नायट्यावरची स्टिरॉइडची ट्यूब मेडिकलमधून आणून गोरं होण्यासाठी रोज चेहऱ्याला चोळणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या आहेत. पहिले काही दिवस चेहरा उजळ दिसतो. मग कातडी पातळ होते, उन्हात आग होते, मुरुमं उठतात, गालांवर लालसर शिरा दिसू लागतात, लव वाढते. लावायचं थांबवलं की सगळं उफाळून येतं, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरल्यावर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती सहज मिळतात, आणि ट्यूब कोणी सुचवली विचारलं तर अनेकदा शेजारीण किंवा पार्लर असं उत्तर येतं. दुसरा धोका पाऱ्याचा. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी २०२१ ते २०२३ या काळात आलेल्या रुग्णांची नोंद केली. लघवीतून प्रथिनं जात होती, अंगावर सूज होती, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी गोरं करणारी क्रीम वापरलेली होती. त्या क्रीममध्ये पारा सापडला. लेबल नसलेली, कंपनीचा पत्ता नसलेली, 'सात दिवसांत फरक' म्हणणारी डबी घरी असेल तर ती घेऊन या, असं सांगून तुमची पहिली बैठक घ्या. या विषयावर बोलताना तुम्हाला कोणत्याही तोंडाची लाज वाटणार नाही.

डॉक्टर नसलेल्या बाईनं आरोग्य शिकवावं का, अशी शंका तुम्हाला कोणी ना कोणी बोलून दाखवेलच. आपल्याच राज्यात त्याचं उत्तर मिळालेलं आहे. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेतल्या डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाची किंवा लैंगिक आजाराची काही ना काही तक्रार होती, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के होत्या. बायका अंगावर काढत होत्या, कारण विचारणारं आणि ऐकणारं जवळ कोणी नव्हतं. पुरंदर तालुक्यात 'मासूम' संस्थेनं पुढे गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्याच्या कामाला लावलं. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या बायकांची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून झाली, म्हणजे जवळपास व्हिनेगरच, आणि ती करणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायका. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते.

ही उदाहरणं मी तुमचा उत्साह वाढवायला देत नाही. त्यांतली एक गोष्ट नीट पाहा. त्या बायकांना काय करायचं आणि कुठे थांबायचं हे शिकवलेलं होतं, आणि त्यांच्या पाठीशी पूर्ण रुग्णालय उभं होतं. संशय आला की पुढची जागा ठरलेली होती. तुमच्या पाठीशी अजून कोणी नाही. म्हणून शिबिराचा हॉल बुक करण्याआधी सांगली-मिरजेतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना आणि एका त्वचारोगतज्ज्ञांना जाऊन भेटा. मिरज हे दवाखान्यांचं गाव, तुम्हाला शोधावं लागणार नाही. 'मी पाठवलेल्या बायकांना तुम्ही नीट वेळ द्याल का, आणि माझ्या बैठकीत काय सांगायचं नाही ते मला सांगाल का?' हे दोन प्रश्न त्यांना विचारा. जी डॉक्टर दुसऱ्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर देईल ती तुमची.

आता तुमच्याबद्दल. घाम, झोपमोड, चिडचिड, मागेपुढे होणारी पाळी हे सगळं तुम्ही लिहिलंत, पण डॉक्टरांकडे गेल्याचं पत्रात कुठेही नाही. गेला नसाल तर या आठवड्यात जा. पाळी जाण्याच्या काळात हे सगळं होतं, आणि आपल्याकडच्या बायकांची पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमारास जाते, म्हणजे तुमचं वय त्यातच बसतं. पण थायरॉइड बिघडला तरी घाम येतो आणि चिडचिड होते, रक्त कमी असलं तरी छातीत धडधडतं. तपासल्याशिवाय कसं कळणार? रक्तदाब, शुगर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, आणि स्तनांची व गर्भाशयमुखाची तपासणी. तिशीपुढच्या बायकांसाठी या दोन तपासण्यांची सोय सरकारी आरोग्य केंद्रांतही असते, तीही बैठकीत सांगायची माहिती आहे. श्वासाच्या व्यायामांनी तुम्हाला झोप लागली यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ज्या बाईला थायरॉइडमुळे घाम येत होता तिलाही तुमचा अनुभव ऐकून वाटेल की श्वासानं भागेल. ती गोळीशिवाय वर्ष काढेल.

पाळी जाण्याचा विषय तुम्ही शिकवाच, कारण त्यातून तुम्ही स्वतः जात आहात आणि बायका त्यावर एकमेकींशीसुद्धा धड बोलत नाहीत. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्यानंतर एक डाग जरी दिसला तरी डॉक्टर गाठायचा, हे प्रत्येकीला पाठ झालं पाहिजे. खोकताना-हसताना लघवी निसटते, जवळ येताना दुखतं, रात्री अंगातून वाफा निघतात, या सगळ्यांवर उपाय असतात आणि ते विचारायला लाज वाटायचं कारण नाही. 'आता मुलंबाळं झाली, पिशवी काढून टाका' असं कोणी पहिल्याच भेटीत सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचा आपल्याला हक्क आहे, हेही सांगा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेलं, सरकारला समिती नेमावी लागली. त्यांतल्या कित्येक जणी ऐन तिशीतल्या होत्या. आपल्या शरीरात काय आहे आणि ते काढल्यावर काय होतं हे कोणी त्यांना आधी समजावलं असतं, तर त्यांतल्या किती वाचल्या असत्या.

जाहिरातीवर मी कडकच बोलणार आहे. पाळीच्या विकारांवर औषध म्हणून चूर्ण विकण्याची जाहिरात १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात बसत नाही. तो कायदा अशाच जाहिरातींना बंदी घालतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारनं आरोग्यावर सल्ला देणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना काढल्या आहेत: डॉक्टर नसाल तर तुमचा सल्ला वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही हे स्पष्ट सांगावं लागतं. दंड भरायची वेळ येईल ती तुमच्यावर. ते मार्केटिंगवाले तोवर दुसऱ्या गावात असतील.

कायदा बाजूला ठेवला तरी मला भीती वेगळीच आहे. पीसीओडी 'मुळापासून बरा' होत नाही. तो सांभाळावा लागतो. खाणं, चालणं, वजन, झोप यांनी फार फरक पडतो, आणि ते सगळं तुम्ही शिकवू शकता. पण महिनोन् महिने पाळी आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि त्यातून पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. तुमच्या चूर्णावर विसंबून एखाद्या मुलीनं औषध बंद केलं आणि वर्षभर पाळीची वाट पाहत बसली, तर? तिच्या आईला तुम्ही ओळखत असाल. तिचं लग्नाचं मेकअपही कदाचित तुम्हीच करणार असाल.

स्वतःच्या नावापुढे काय लावायचं हा प्रश्न येईल. 'थेरपिस्ट' लावू नका, 'हार्मोन तज्ज्ञ' लावू नका. 'सौंदर्य व्यावसायिक, २२ वर्षं' एवढं लावा. कोर्सचं नाव खाली बारीक अक्षरात चालेल.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यांत नाजूक वाटते. फेशियलच्या बेडवर बायका जे बोलल्या ते तुमच्याकडे ठेव म्हणून आहे. शिबिरात उदाहरण देताना 'माझ्याकडे एक बाई यायची, तिचा नवरा...' अशी सुरुवात करायचा मोह होईल. नाव न घेताही सांगलीत ती कोण ते तिसऱ्या वाक्याला कळतं. समोर बसलेल्यांत तिची नणंद असू शकते. म्हणून दुसरीची गोष्ट सांगायची नाही, स्वतःची सांगायची. बैठकीतही पहिल्याच दिवशी ठरवून घ्या की इथलं बोलणं इथेच राहील, आणि तरीही कोणावर बोलायची सक्ती नाही. सासू-सून एकाच बैठकीला आल्या तर सुनेला वेगळ्या दिवशी बोलवा.

कोणाच्या दंडावर, पाठीवर वळ दिसले तर? आजवर बहुतेक पार्लरवाल्या नजर चुकवतात, मी त्यांना दोष देत नाही. दार लोटून, एकटीत, हळू विचारा: 'घरी सगळं ठीक आहे ना?' ती 'पडले' म्हणाली तर खोदू नका. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर म्हणजे हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र असतं, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात. हे सगळं तिला एकदा तोंडी सांगून ठेवा. कागद देऊ नका, तो पर्समध्ये सापडतो. 'सोडून दे त्याला' असा सल्ला देऊ नका, कारण घर सोडण्याचे दिवस तिच्यासाठी सगळ्यांत धोक्याचे असतात आणि ती तयारी जाणत्या माणसांबरोबरच करावी लागते. कोणी जिवाचं बरं-वाईट करण्याचं बोलली तर टेली-मानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिथेच, तुमच्या फोनवरून लावून द्या. ध्यानाला बसवू नका.

आत्मभान शिकवायचं म्हणता, तेही तुमच्या कोर्सच्या पुस्तकापेक्षा साध्या जागी सुरू करा असं मी सुचवेन. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार आपल्या देशात घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होती, आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटं. पाच तास! अशा बाईला 'तू स्वतःला वेळ देत नाहीस' असं म्हटलं की तिच्या डोक्यावर आणखी एक काम चढतं आणि अपराधही तिचाच ठरतो. त्यापेक्षा तिला एक वही द्या. पाळीची तारीख, किती दिवस, किती कपडे किंवा पॅड लागले. किती वाजता झोपले, किती वेळा उठले. आज कोणत्या गोष्टीचा राग आला आणि तो कोणावर निघाला. शेवटचं हिमोग्लोबिन किती आणि कधी. बँकेच्या खात्यात माझ्या नावावर किती. हे लिहिताना बाईला स्वतःबद्दल जे कळतं ते फार खोलवर जातं, मी ते अनेक वाचक बायकांच्या पत्रांतून पाहिलं आहे. एकीनं तीन महिन्यांच्या नोंदी बघून लिहिलं होतं की तिचं डोकं दर वेळी सासरचे येऊन गेले की दुखतं. औषध बदलून तिला जे कळलं नव्हतं ते वहीनं कळलं.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मला पटतं. त्यात तुमच्या कामाबद्दल अनादर दिसत नाही, कर्जाची काळजी दिसते. आणि पार्लर सोडायचं नाही यामागे माझं कारण पैशापुरतं नाही. पार्लरमध्ये येताना बाईला घरी काही सांगावं लागत नाही. 'आयब्रो करून येते' एवढं पुरतं. 'स्त्री-आरोग्याच्या शिबिराला जाते, महाबळेश्वरला, तीन दिवस, २५,००० भरून' असं किती जणी सांगू शकतील? ज्यांना सांगता येतं त्यांना डॉक्टरही परवडतो. जिला तुमची सगळ्यांत जास्त गरज आहे ती आज तुमच्या खुर्चीत येऊन बसते आहे आणि तुम्ही ती खुर्ची मोडायला निघाला आहात.

बॉबी ब्राउन हे नाव तुम्ही मेकअपच्या डब्यांवर वाचलं असेल. १९९१ मध्ये न्यूयॉर्कला दहा लिपस्टिक घेऊन त्यांनी सुरुवात केली, १९९५ मध्ये कंपनी एस्टी लॉडरला विकली, तरी २०१६ पर्यंत तिथे काम करत राहिल्या. मग साठीच्या उंबरठ्यावर आरोग्य-मार्गदर्शनाचा कोर्स केला, वेलनेसची उत्पादनं काढली. आणि २०२० मध्ये पुन्हा मेकअपचीच नवी कंपनी सुरू केली. त्यांच्याकडे पैसा होता, त्यांना काहीही निवडता आलं असतं, तरी हाताला वळण पडलेलं काम त्यांनी टाकलं नाही. तुमचं मन पार्लरमध्ये लागत नाही यातला काही भाग त्या झोप न झालेल्या रात्रींचा असू शकतो. तपासण्या होऊन, झोप सुधारून सहा महिने जाऊ द्या आणि मग मनाला पुन्हा विचारा. तोवर एका शाखेचा रोजचा कारभार तुमच्या जुन्या, भरवशाच्या मुलीच्या हातात द्या, तिचा पगार वाढवून.

सुरुवात आषाढात करा. लग्नसराई संपलेली असते, दुपारी दोन ते चार दुकान रिकामं असतं. खुर्च्या भिंतीला लावून सतरंजी टाकली की दहा-बाराजणी बसतात. फी एका क्लीन-अपइतकी ठेवा. फुकट ठेवलंत तर येणं गळतं, आणि जिला जमत नाही तिच्याकडून घेऊ नका, पण ते चारचौघींत बोलू नका. पहिली बैठक क्रीमच्या डब्यांची. दुसरीला डॉक्टरबाईंना बोलवा आणि तुम्ही स्वतः खाली सतरंजीवर बसा. तिसरीला वह्या. श्रावणात मंगळागौरी सुरू झाल्या की तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांकडूनच पुढची बोलावणी येतील.

आणि या सगळ्याआधी तुमच्या सात मुलींना बसवा. दिवसभर उभं राहून त्यांच्या पायांच्या शिरा फुगत असतील, केमिकलनं हात फुटत असतील, पाळीच्या दिवशी सुट्टी मागायला त्या घाबरत असतील. त्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, खर्च दुकानाचा. हेअर कलर आणि केराटिनच्या वेळी हातमोजे आणि उघडी खिडकी सक्तीची करा. पाळीच्या पहिल्या दिवशी बसून करायची कामं द्या. मग त्यांनाच विचारा की बैठकीत काय शिकवायला हवं, आणि त्यांनी सांगितलेल्या क्रमानं विषय लावा.